हयातीचा दाखला

माझं आणि तत्त्वज्ञानाचं कधी फारसं जमलं नाही. मी कॉमर्सचा माणूस. कॉलेजात तत्त्वज्ञानाचा वर्ग आमच्या शेजारच्या खोलीत भरायचा आणि त्या वर्गात मुली जास्त होत्या, एवढाच काय तो माझा त्या विषयाशी संबंध. देह म्हणजे काय, जीव म्हणजे काय, मी कोण, असले प्रश्न मला पडत नाहीत. मी म्हणजे शहापूरच्या एका बँकेतला काउंटर नंबर तीन. या उत्तरावर माझी गेली एकवीस वर्षं बिनबोभाट पार पडली आहेत.

पण नोव्हेंबर उजाडला की माझा इलाज चालत नाही. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा बँकेला पटवून द्यायचं. नाही पटवलं तर पुढची पेन्शन अडते. समोर धडधडीत माणूस उभा असतो. आमची शाखा पहिल्या मजल्यावर असल्यामुळे तो धापा टाकत असतो, घाम पुसत असतो, "जरा पंखा वाढवा की हो" म्हणून माझ्यावर खेकसत असतो. तरीसुद्धा तो जिवंत आहे असं मला परस्पर मानता येत नाही. फॉर्म हवा, सही हवी, शिक्का हवा. एकदा एक आजोबा वैतागून म्हणाले, "अरे, अर्धा तास मी तुझ्याशी भांडतोय. एवढा पुरावा पुरत नाही?" मी म्हटलं, "मला पुरतो आजोबा, पण भांडण फायलीला लावता येत नाही."

२०१४ साली 'जीवन प्रमाण' नावाची सोय निघाली. यंत्रावर बोट टेकवलं की काम झालं. उभा जन्म शेतात नाहीतर भांड्यांत राबलेल्या बोटांवर ठसे धड राहत नाहीत, हे मागाहून लक्षात आलं. २०२१ पासून चेहराही चालतो. मोबाइलसमोर तोंड धरायचं, मोबाइल म्हणतो डोळे मिचकावा, डोळे मिचकावले की माणूस हयात.

सोय झाली ती चांगलीच झाली. पण या दाखल्यात पहिल्यापासून एक उणीव आहे. 'हयात आहे' एवढंच त्यात लिहितात. कशी काय हयात आहे, हे विचारायला रकाना नाही. एक आजी दर वर्षी येतात. मी विचारायच्या आधीच म्हणतात, "आहे रे बाबा अजून. लिही." चोरी कबूल करावी तशा आवाजात. त्यांच्या मागे उभे असलेले एक निवृत्त मास्तर तोच फॉर्म लॉटरी लागल्यासारखा पुढे करतात. वय दोघांचं सारखंच. आजीला संधिवात, मास्तरांना दमा. फॉर्मही सारखा, शिक्काही सारखा. मग फरक कशात पडला? म्हातारपण आलं, त्यात जन्माची सोबत करणारा एखादा आजार चिकटला, तर माणसाने नीट जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. आमच्या अण्णांच्या पायाच्या करंगळीवरून पडला.

आम्ही कसाऱ्याचे. मुंबईकरांना कसारा माहीत असतं ते लोकलच्या पाटीवरचं शेवटचं नाव म्हणून. ठाण्याला उतरणाऱ्याला गाडीत गाढ झोप लागली तर तो आमच्याकडे येऊन जागा होतो. पण मुंबईची लोकल जिथे संपते तिथेच खऱ्या रेल्वेची परीक्षा सुरू होते. कसाऱ्यापुढे थळ घाट. १८६५ साली या घाटातून रूळ वर इगतपुरीला पोचले. चढ सदतिसाला एक. म्हणजे सदतीस फूट पुढे सरकलात की एक फूट वर. ऐकून आमच्या बँकेच्या जिन्यालाही हसू येईल. पण मागे वीस-बावीस भरलेले डबे असले की हसू मावळतं. मुंबईहून दिमाखात आलेलं इंजिन कसाऱ्याला येऊन निमूट उभं राहतं. मग गाडीच्या शेपटाला आणखी दोन-तीन इंजिनं जोडतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात, आणि सगळी मिळून इगतपुरीला पोचतात. तिथे मागची इंजिनं सोडून देतात. या ढकलणाऱ्या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात.

अण्णांनी नोकरीची बहुतेक वर्षं या बँकरांवर काढली. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा पेढे वाटताना ते दारोदार सांगत होते, "आता आमच्या घरात दोन बँकर. मी गाड्या ढकलतो, हा फायली ढकलणार." मी मनाला लावून घेतलं नाही, कारण वर्णन अचूक होतं.

साठीला अण्णा निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी रक्तात साखर निघाली. पेन्शन आणि मधुमेह जोडीनेच सुरू झाले म्हणा ना, आणि दोन्हींची मुदत एकच: हयातीपर्यंत. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पण आईच्या काही ते डोक्यात शिरेना. शेवटी अण्णांनी तिला आमच्या तालुक्याच्या भाषेत सांगितलं. "हे बघ, तानसा काय, भातसा काय, वैतरणा काय, धरणं सगळी आपल्या तालुक्यात नि वेशीवर. पाणी आपल्या दारावरून मुंबईला जातं. आणि उन्हाळा लागला की आपल्या पाड्यांवर हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. माझ्या अंगात तसंच झालंय. साखर दारावरून भरभरून वाहतेय, पण घरात शिरत नाही."

"मग घराच्या नळाला चावी बसवून घ्या की," आई म्हणाली.

"तेच काम गोळी करते. गोळीने भागलं नाही तर इंजेक्शन."

मधुमेहाचं इतकं सरळ स्पष्टीकरण मी नंतरही कुठे ऐकलं नाही.

मधुमेह झाला की घरात डॉक्टर किती आहेत ते कळतं. शेजारच्या काकूंनी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. स्टेशनवरच्या एकाने भेंडी रात्रभर पाण्यात घालून ते पाणी प्यायला सांगितलं. माझ्या एका सहकाऱ्याने कारल्याचा रस सुचवला आणि तो स्वतः पिऊन दाखवायची वेळ आली तेव्हा रजेवर गेला. आमचा तालुका भाताचा. भाताशिवाय जेवण म्हणजे आमच्याकडे मधली वेळ. अण्णांच्या ताटातला भात एका मुदीवर आला आणि नाचणीची भाकरी आली. लहानपणी ज्या नाचणीवर दिवस काढले म्हणून सांगायची लाज वाटायची, तीच आता डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत होते.

अण्णा पथ्य पाळायचे, पण हिशेबी पाळायचे. तपासणीच्या आधी चार दिवस कडक. उपाशीपोटीची साखर मग शहाण्या मुलासारखी खाली यायची. ही युक्ती मला नवी नव्हती. एकतीस मार्चला ताळेबंद गोंडस दिसावा म्हणून कोण काय काय करतं ते मी रोज पाहतो. पण डॉक्टर त्यांच्याहून हुशार निघाले. त्यांनी एचबीएवनसी नावाची तपासणी सांगितली. तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात आणि साखर त्यांना चिकटत राहते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी या तपासणीत उमटते. मी अण्णांना म्हटलं, "ही आमची त्रैमासिक सरासरी शिल्लक. आदल्या दिवशी पैसे भरून उपयोग नाही." अण्णा उदास झाले. म्हणाले, "म्हणजे रेल्वेत इन्स्पेक्शनला पांढरा चुना मारायचो तसं इथे चालणार नाही."

इथवर सगळं गमतीचं होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. एवढ्या खातेदारांत अण्णा एक, त्यात रडायचं काय?

पण अण्णांना आणखी एक आजार होता, आणि त्याची तपासणी कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही. 'माझा कुणाला त्रास नको' हा तो आजार. आपल्याकडे हा आजार समजत नाहीत, सद्गुण समजतात. म्हातारं माणूस गेलं की लोक कौतुकाने सांगतात, "कुणाला म्हणून त्रास दिला नाही हो." जणू काही त्रास न देणं हेच आयुष्याचं सार्थक. प्रत्येक म्हातारा देवाजवळ एकच मागतो, की हातपाय चालते आहेत तोवर ने. मला स्वतःला हे मागणं फार उदात्त वाटत असे. अण्णांविषयी मी तसं चारचौघांत सांगतही असे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अण्णा घाटाच्या कडेला करवंदं काढायला गेले. चपलेच्या कडेने काटा पायाच्या करंगळीत घुसला. मधुमेह जुना झाला की पायाची जाण कमी होते, त्यामुळे काटा बोचल्याचं त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. आता चार दिवसांवर मुरबाडला माझ्या भाचीचं लग्न. लग्नघरात नाट नको म्हणून अण्णांनी पाय धुतला, हळद भरली, चिंधी बांधली आणि वरून मोजा चढवला. लग्नात ते बूट घालून मांडवभर फिरले. पंगतीत आग्रह केला. फोटोत हसले. मे महिन्यात हा माणूस मोजे का घालतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. लग्नानंतर पाहुणे, पाहुण्यांनंतर सोळावी, असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ताप भरला आणि आईने जबरदस्तीने मोजा काढला.

पुढचं सविस्तर सांगत नाही. करंगळी काढावी लागली. ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टर मला म्हणाले, "काट्याने काही नुकसान केलं नाही हो. नुकसान केलं ते अकरा दिवसांनी." आई बाकावर बसून होती. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षं शेजारी झोपते मी यांच्या. मला नाही सांगितलं."

त्या वाक्याने माझा उदात्तपणा उतरला. आमच्याकडे जोडखातं असतं. नवरा-बायकोचं असतं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असा त्यावर शेरा असतो. म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करावा, आणि एक गेला तर उरलेल्याने सांभाळावं. फॉर्म भरताना त्या शेऱ्याचा अर्थ कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. लग्नानंतर शरीराचंही असंच जोडखातं होतं. जन्माचा आजार एकट्याच्या नावावर राहत नाही. त्याचं पथ्य घरातले सगळे शिजवतात, त्याची रात्र घरातले सगळे जागतात. मग अण्णांनी अकरा दिवस जे केलं ते घरच्यांना त्रासापासून वाचवणं होतं, की जोडखात्यातून गुपचूप रक्कम काढणं होतं? खर्च तर शेवटी आईच्याच खात्यात पडला. व्याजासकट.

अण्णा शुद्धीवर आले, हसायला लागले. "डबा सिक झाला, सायडिंगला टाकला. बाकी गाडी चालू," असं भेटायला येणाऱ्यांना सांगू लागले. मला मात्र राग आवरेना. घरी आल्यावर मी त्यांना त्यांच्याच भाषेत पकडलं. "अण्णा, तुम्ही जन्मभर गाड्या ढकलल्या. एखादी गाडी म्हणाली, मला बँकर नको, माझा कुणाला त्रास नको, तर काय होईल?"

"अडकेल घाटात."

"एकटीच अडकेल?"

अण्णा गप्प झाले. मागच्या सगळ्या गाड्या अडकतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण वाद हरणं त्यांना माहीत नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "वंदे भारतला नाही लागत बँकर. दहा फेब्रुवारी २०२३ला शिर्डीची वंदे भारत सुरू झाली. बघत असतो मी. अशीच चढते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कॉमर्सला हे शिकवत नाहीत. रात्री दिवा मालवल्यावर पलीकडच्या खोलीतून आवाज आला. "झोपलास का रे? तिचं खरं सांगू? तिला एकटं इंजिनच नाही. मोटरी डब्याडब्यांखाली वाटलेल्या असतात. थोडा थोडा भार सगळेच घेतात."

"मग?"

"मग काही नाही. झोप."

वाद मी जिंकला असं मी समजलो आणि तिथेच फसलो. दुसऱ्या दिवसापासून मी घरात पोलीस खातं उघडलं. साखरेचा डबा कुलपात. भिंतीवर वेळापत्रक. काउंटरवरून दिवसातून तीनदा फोन: गोळी घेतली का, चाललात का, काय खाल्लंत. आंब्याच्या दिवसांत मी आंबाच घरात येऊ दिला नाही. पाय दुखेल म्हणून त्यांचं स्टेशनवर जाणं बंद केलं. स्टेशनवरचं बाक म्हणजे अण्णांची संसद. तिथे निवृत्त गार्ड, निवृत्त मास्तर, पानवाला अशी मंडळी जमून प्रत्येक गाडीवर ताशेरे मारतात. ते बंद झालं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी काढली, आकडा झक्क खाली आला. मी विजयाने रिपोर्ट अण्णांसमोर धरला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "छान," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खात्यात शिल्लक वाढली होती, पण खातेदाराने खात्याकडे फिरकणं सोडलं होतं. नोव्हेंबरात काउंटरवर आले तेव्हा त्या आजींच्याच आवाजात म्हणाले, "आहे अजून. लिही."

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "अण्णा, माझं काय चुकलं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू बँकर आहेस, ड्रायव्हर व्हायला निघालास. बँकर गाडीच्या शेपटाला असतो. त्याला पुढचा सिग्नल दिसत नाही, पुढचं वळण दिसत नाही. पुढच्याने शिट्टी दिली की जोर लावायचा, शिट्टी दिली की थांबायचं. आपण गाडी चालवतोय असं बँकरच्या मनात आलं तर घाटातच डबे रुळाखाली जातील. चाळीस वर्षांत मी एकदाही पुढच्यावर हुकूम सोडला नाही. आणि दुसरं. इगतपुरीला बँकर सोडतात. का सोडतात? सपाटीवर ढकलायचं काही कारण नाही म्हणून. मला बाकावर बसायला बँकर लागत नाही. तळवा बघायला लागतो. तो मला वाकून दिसत नाही."

इतकी मुद्देसूद तक्रार आमच्या तक्रारपेटीत आजवर कुणी टाकलेली नाही. आम्ही तह केला. गोळ्या, भात, आंबा हे खातं अण्णांचं. पाय तपासण्याचं खातं आईचं. ती रोज रात्री कुंकवाचा छोटा आरसा त्यांच्या तळव्याखाली धरते. "आयुष्यभर या आरशात तोंड पाहिलं, आता यांचे पाय बघते," असं म्हणते, पण एक दिवस चुकवत नाही. डॉक्टरकडे नेण्याआणण्याचं खातं माझं. आणि शिट्टी अण्णांनी वेळेवर द्यायची, ही मुख्य अट. काही बोचलं, चक्कर आली, अंधारी आली तर लग्नघर असो की सुतक, शिट्टी. खिशात खडीसाखरेचे चार खडे असतात, साखर एकाएकी उतरली तर म्हणून. ज्या साखरेपासून जन्मभर पळायचं तीच जीव वाचवायला खिशात बाळगायची, यात काहीतरी तत्त्वज्ञान असावं असा मला संशय आहे, पण मी खोलात जात नाही. आंब्याच्या दिवसांत अण्णा दोन फोडी घेतात, त्या दिवशी भाताची मूद सोडतात. जमा आणि खर्च. त्या दोन फोडी ते अर्धा तास खातात. मी डझनभर आंबे खाऊनही मला तेवढा आंबा मिळत नाही.

आता मोठ्या माणसांची उदाहरणं दिल्याशिवाय आपल्याकडे निबंध पुरा होत नाही. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ ही सहा वर्षं ते मंडालेच्या तुरुंगात होते, वय पन्नाशीच्या पुढे, आणि इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन माणसाला टोचलं गेलं ते जानेवारी १९२२मध्ये. म्हणजे टिळक गेल्यानंतर दीड वर्षाने. औषध नाही, घर नाही, होतं ते फक्त पथ्य. तशात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं. आमच्या घरात ते आजोबांच्या वेळेपासून आहे. मी प्रस्तावनेच्या पलीकडे गेलेलो नाही, पण कर्म करावं आणि फळाची आशा धरू नये हे समजावून सांगायला मधुमेही माणूसच लागतो, एवढं रहस्य मला उलगडलं आहे. आणि त्याहून मला महत्त्वाची वाटते ती एक लहान गोष्ट. मंडालेत टिळकांचा स्वयंपाक करायला कुलकर्णी आडनावाचा एक कैदी दिलेला होता. म्हणजे लोकमान्यांनाही घाटात बँकर होता. त्याने भाकरी भाजली, पण ग्रंथ काय लिहावा यात तो पडला नाही.

दुसरे बाबा आमटे. पाठीच्या मणक्यांच्या विकाराने त्यांना बसता येत नसे, एक तर उभं राहायचं नाहीतर पडून राहायचं. आपल्याला साधी कंबर धरली तर आपण लग्नाचं निमंत्रण नाकारतो. बाबा डिसेंबर १९८५मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. तरुण मुलंमुली सायकलींवर आणि बाबा बसगाडीत आडवे. मला बसता येत नाही हे त्यांनी लपवलं नाही, आणि बसता येत नाही म्हणून निघायचं थांबवलं नाही. आपण बहुतेक जण दोहोंपैकी एक तरी चूक करतो. मी तर दोन्ही करतो.

दोन्ही करतो हे मी उगाच नम्रतेने म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. माझी उपाशीपोटी साखर निघाली एकशे अठ्ठेचाळीस. एकशे सव्वीसला घंटा वाजते, हे अण्णांच्या फायलींमुळे मला पाठ होतं. मी रिपोर्ट घडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात सारला. घरात आधीच एक आहे, त्यात आणखी कशाला, आईला काळजी, सौभाग्यवतीला काळजी. पुन्हा तपासू कधीतरी. एक दिवस अण्णा माझ्या बॅगेत पेन शोधत होते.

"हा रिपोर्ट कुणाचा रे?"

"एका ग्राहकाचा."

"ग्राहकाचं नाव तुझंच आहे."

मी पासबुक छापायचं यंत्र अडकावं तसा अडकलो.

"किती दिवस झाले?" अण्णांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तारीख वाचली. "एकेचाळीस. मी अकराच लपवलं होतं."

आता व्याख्यान होणार म्हणून मी मान खाली घातली. माझीच वाक्यं मला व्याजासकट परत मिळणार होती. पण ते एवढंच म्हणाले, "बायकोला आज सांग. आणि उद्या पहाटे माझ्याबरोबर प्लॅटफॉर्मवर चल."

तेव्हापासून आम्ही दोघे पहाटे कसाऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर चालतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. घाटावर धुकं असतं, पहिल्या लोकलचे लोक धावत येत असतात. करंगळी गेल्यापासून अण्णांचं पाऊल किंचित तिरकं पडतं, म्हणून ते माझ्या मागून चालतात. पहिल्या दिवशी मी वळून म्हटलं, "अण्णा, तुम्ही पुढे व्हा की."

"मागेच बरा आहे. सवय आहे मला," अण्णा म्हणाले. "चल तू. ढकलत नाही."

खरोखरच ते ढकलत नाहीत. नुसते मागे असतात. पण मी दोन फेऱ्यांत थांबणार असतो, तो पाच फेऱ्या घालतो.

यंदाच्या नोव्हेंबरात अण्णा हयातीचा दाखला द्यायला शाखेत आले. जिना चढून आले, एकदा मधे थांबले आणि थांबलो होतो असं सांगितलंही. रांगेत त्यांच्या पुढे त्याच आजी होत्या. अण्णांनी त्यांना गुडघ्यासाठी काय करता म्हणून विचारलं, त्यांनी सांगितलं, दोघांचं आजारांवर इतकं रंगलं की नंबर आला तरी आजी हलेनात. मग अण्णा काउंटरवर आले. मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकावा. अण्णांनी माझ्याकडे बघून एकच डोळा मिचकावला.

मोबाइलने तो मानला नाही. मग त्यांनी शहाण्यासारखे दोन्ही मिचकावले आणि सरकारदरबारी त्यांची हयात नोंदली गेली.

मी मात्र ती आधीच नोंदली होती, एका डोळ्यावर.